रियासतकारांचें विद्यार्थिपण

मराठी घरांतून पुस्तकांचें जें एक लहानसें कपाट असतें, त्यांत ‘मराठी रियासती’चा एखादा तरी भाग पुष्कळांनीं पाहिलेला असेल. कित्येक ठिकाणीं त्याचीं पानें हाताळून सैल झालेलीं असतात. कित्येक ठिकाणीं तो आणला तसाच, कोरा करकरीत, वाडवडिलांच्या नांवाचा शिक्का वागवीत उभा असतो. हे भाग लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई लोकांत ‘रियासतकार’ म्हणूनच ओळखले गेले. सरकारानें त्यांना रावबहादूर केलें, आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ सालीं पद्मभूषण हा किताबही त्यांना मिळाला. परंतु त्यांच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आयुष्याकडे पाहतां या सर्वांहून एक साधें नांव त्यांस अधिक शोभतें, आणि तें म्हणजे इतिहासाचा विद्यार्थी. हें नांव येथें विनयाचा अलंकार म्हणून योजिलेलें नाहीं. ज्याचें उत्तर चुकूं शकतें, आणि चुकलें असतां तें खोडून ज्याला पुन्हां लिहावें लागतें, तो विद्यार्थी. या अर्थानें रियासतकार अखेरपर्यंत विद्यार्थी राहिले. आणि ही दशा दिसते तितकी सुखाची नसते.

सरदेसायांचा जन्म १८६५ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील गोविल या खेड्यांत झाला. घरची स्थिति बेताची. रत्नागिरीस शाळा, पुढें पुणें व मुंबई येथें कॉलेज, आणि १८८८ सालीं बी. ए. ची परीक्षा, असा त्या काळच्या हुशार कोंकणी मुलाचा नेहमींचा मार्ग त्यांनीं आक्रमिला. १८८९ च्या आरंभीं त्यांना बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरीं नोकरी मिळाली. काम काय, तर महाराजांना पुस्तकें वाचून दाखविणें. महाराजांचें स्वतःचें शिक्षण उशिरां सुरू झालेलें, त्यामुळें त्यांची ज्ञानाची भूक दांडगी. आणि वाचणाऱ्यानें नुसतें वाचून भागत नसे, त्यावर विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंही द्यावीं लागत. याच नोकरींत त्यांनीं मॅकिआव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीली या पंडिताचें इंग्लंडच्या विस्तारावरचें पुस्तक मराठींत आणलें. म्हणजे तेविसाव्या वर्षीं बडोद्याच्या स्टेशनावर उतरलेल्या या तरुणाच्या मनांत इतिहासकार होण्याचा कांहीं संकल्प होता असें नाहीं. चाकरीनें त्याला पुस्तकांजवळ नेलें, एवढेंच.

पुढें राजपुत्रांना शिकविण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि येथें खरी अडचण उभी राहिली. हिंदुस्थानचा इतिहास मराठींत शिकवावयाचा, तर त्यासाठीं धड पुस्तक नाहीं. इंग्रजींत ग्रंथ होते, पण एकाची मांडणी दुसऱ्याशीं जुळेना. कोणत्याही मास्तराला ही गोष्ट ठाऊक असते कीं, आपल्याला एखादा विषय येतो असें आपण खुशाल समजत असतों. पण समोर बसलेलें दहा वर्षांचें पोर ‘मग पुढें काय झालें?’ आणि ‘असें कां झालें?’ हे दोन प्रश्न विचारूं लागलें कीं, आपलें अज्ञान उघडें पडतें. सरदेसाई टिपणें काढूं लागले. टिपणांचीं बाडें झालीं. त्या बाडांतून १८९८ सालीं ‘मुसलमानी रियासत’ हें पुस्तक बाहेर पडलें, आणि १९०२ पासून ‘मराठी रियासती’चे भाग निघूं लागले. ‘ब्रिटिश रियासत’ त्यामागून आली. शिकवावयास बसलेला मनुष्य शिकावयास लागला, तो असा.

याच १८९८ सालीं दुसरें एक पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि इतिहासाच्या मराठी अभ्यासाला त्यानें निराळें वळण लावलें. तें म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड. त्यापूर्वीं मराठ्यांचा इतिहास म्हटला म्हणजे बहुधा ग्रँट डफ. त्या साहेबाचे तीन भाग १८२६ सालीं निघाले होते, आणि दोन पिढ्या त्यांवरच पोसल्या होत्या. नाहीं म्हणावयास १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजांतील विद्यार्थ्यानें पुण्यांत तरुणांच्या एका सभेपुढें डफच्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला होता. वीस-बावीस वर्षांच्या मुलानें प्रमाण मानलेल्या ग्रंथाला प्रश्न विचारावे, हें त्या वेळीं मोठेंच धाडस होतें. पण टीका करावयास बुद्धि पुरते. नवा इतिहास लिहावयास कागद लागतात. ते कागद राजवाड्यांना वाईस सांपडले. १७५० पासून १७६१ पर्यंतचीं, म्हणजे पानिपतापर्यंतचीं, तीं पत्रें होतीं.

त्या पत्रांनीं काय केलें हें समजण्यासाठीं पानिपताचेंच उदाहरण घ्यावें. शाळेंत शिकलेलें पानिपत सर्वांच्या परिचयाचें आहे: सदाशिवरावभाऊ गर्विष्ठ होता, त्यानें सूरजमल जाटाचा सल्ला झिडकारला, बाजारबुणगे व बायकामुलें बरोबर नेलीं, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं सर्वनाश ओढवून घेतला. बखरींतून आलेली आणि इंग्रजी ग्रंथांतून पक्की झालेली ही कथा मोठी सोयीची आहे. एका मनुष्याचा दोष दाखविला कीं परीक्षेंतील प्रश्न सुटतो. पण भाऊसाहेबांचीं पत्रें वाचावयास घेतलीं तर त्यांत गर्वापेक्षां विवंचनाच अधिक. यमुनेला पूर आलेला, पलीकडे जातां येत नाहीं, म्हणून गोविंदपंत बुंदेल्याला नावा जमविण्याविषयीं लिहिणें. पैका पाठवावा, धान्य पाठवावें, अबदालीची रसद तोडावी, म्हणून त्याच गोविंदपंताला पुन्हां पुन्हां टोंचणी. ऑगस्टांत दिल्ली हातीं येते, ऑक्टोबरांत कुंजपुरा पडतो, आणि इकडे मराठी फौज कुंजपुऱ्याकडे असतांच अबदाली बागपताजवळ यमुना उतरून मागें येऊन उभा राहतो. डिसेंबरांत गोविंदपंत मारला जातो आणि रसदीचा शेवटचा धागाही तुटतो. लष्कर उपाशी पडतें.

भाऊंच्या चुका या पत्रांनीं धुऊन निघतात असें नाहीं. त्या राहतातच. पण पत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनांत एक विलक्षण बदल होतो. त्याला १४ जानेवारी ठाऊक असते. पत्र लिहिणाऱ्याला ती ठाऊक नसते. सप्टेंबरांत दिल्लीहून पत्र लिहिणाऱ्या मनुष्याला पाऊस केव्हां थांबेल, नदी केव्हां उतरेल, पैसे येतील कीं नाहीं, एवढेंच कळावयाचें आहे. त्याच्यापुढें चार वाटा मोकळ्या आहेत. त्यांतील एकीच्या टोंकाला काय आहे हें दीडशें वर्षांनीं दिव्याखालीं बसून तें पत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाच दिसतें. शहाणपणाचा हा जो फरक, तो विद्यार्थ्याच्या हुशारीचा नव्हे; केवळ मागून जन्मल्याचा आहे. हें एकदां नीट ध्यानांत आलें कीं मेलेल्या माणसांवर निकाल देतांना हात जरा अडखळतो. सरदेसायांनीं पानिपत प्रकरणासाठीं रियासतीचा एक स्वतंत्र भाग राखला. ग्रँट डफवर वाढलेल्या पिढीच्या मनुष्यानें एवढा फेर घ्यावा, याचें श्रेय त्या पत्रांना आहे.

मात्र राजवाडे आणि सरदेसाई यांच्या वृत्तींत महदंतर होतें. राजवाडे पायीं हिंडून, हातानें स्वयंपाक करून, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवीत फिरणारे. अस्सल कागद सर्व बाहेर आल्यावांचून इतिहास लिहूं नये, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या दृष्टीनें, हातीं आलेल्या ग्रंथांवरून सलग कथा रचणें म्हणजे पाया भरण्यापूर्वीं गच्ची बांधणें. सरदेसायांचें म्हणणें निराळें होतें. सर्व कागद मिळेपर्यंत थांबावयाचें तर तीन पिढ्या इतिहासावांचूनच राहतील. म्हणून आज जें कळलें तें आज सांगावें, उद्यां अधिक कळलें कीं उद्यां सुधारावें. यांत बरोबर कोण? खरें सांगावयाचें तर राजवाडे अधिक बरोबर होते, आणि सरदेसाई अधिक उपयोगी पडले. राजवाड्यांचे बावीस खंड तज्ज्ञांच्या हातीं राहिले. रियासत घरोघर गेली.

परंतु ‘उद्यां सुधारावें’ हे दोन शब्द उच्चारणें सोपें, आचरणें कठीण. इकडे रियासतीचा भाग छापून निघावा आणि तिकडे मिरजेहून वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धन दप्तरांतील नवीं पत्रें प्रसिद्ध करावीं. पारसनिसांनीं साताऱ्याहून आणखी कांहीं काढावीं. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाल्यावर तर कागदांचा पूरच लोटावा. शिवछत्रपतींच्या जन्माचें साल घ्या. शाळांतून १६२७ हें साल पिढ्यान्पिढ्या घोकलें जात होतें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १६३० चा फेब्रुवारी, अशी नोंद निघाली. १९२७ सालीं तंजावराकडे मिळालेलें परमानंदाचें ‘शिवभारत’ छापून आलें, त्यानेंही त्याच तिथीला दुजोरा दिला. तरी वाद पुष्कळ वर्षें चालला, आणि महाराष्ट्र सरकारानें १९ फेब्रुवारी ही तारीख कायम केली ती २००१ सालीं. ज्यानें मुलांना १६२७ शिकवून शिकवून केस पिकविले, त्याला १६३० म्हणतांना काय वाटत असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी. पाठ केलेली तारीख ही दांतासारखी असते; हालूं लागली तरी उपटवत नाहीं. सरदेसायांना हें एका तारखेच्या नव्हे, प्रकरणेंच्या प्रकरणें यांच्या बाबतींत करावें लागलें. रियासतीचे आरंभीचे भाग त्यांनीं पुढें नव्यानें लिहून काढले.

या उद्योगांत त्यांना एक सोबती लाभला, तो मात्र महाराष्ट्रांतला नव्हे. सर जदुनाथ सरकार हे बंगाली गृहस्थ फारसी कागदांवरून औरंगजेबाचा इतिहास लिहीत होते. मराठी साधनांसाठीं त्यांना मराठी जाणणारा स्नेही पाहिजे होता. १९०४ सालीं दोघांचा परिचय झाला, आणि १९५८ सालीं जदुनाथ वारले तेथवर, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, पत्रव्यवहार चालला. यांनीं मराठी पत्रांचे अर्थ कळवावे, त्यांनीं फारसी अखबारांतील मजकूर पाठवावा. दोघांनीं मिळून ऐतिहासिक स्थळांचे प्रवास केले, आणि पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहार छापण्याचें मोठें कामही संगनमतानें पार पाडलें. हा स्नेह पुण्यांत सर्वांना रुचला असें नाहीं. जदुनाथांचीं मराठ्यांच्या राज्यकारभाराविषयींचीं मतें कडक होतीं. सरदेसाई त्यांच्या आहारीं गेले, असें म्हणणारे पुष्कळ होते. त्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असेंही नाहीं. पण एक गोष्ट विसरूं नये. आपल्या घरचे कागद वाचणारा पुष्कळदां आपलीच फिर्याद ऐकत असतो. लढाईच्या रात्रीं पलीकडच्या गोटांत काय लिहिलें जात होतें हें कळल्याखेरीज त्या लढाईचें अर्धेंही ज्ञान होत नाहीं. आणि पलीकडचा गोट उघडून दाखविणारा मनुष्य गोड बोलणाराच असेल, अशी अपेक्षा कशी धरावी?

१९२५ सालीं सरदेसायांनीं बडोद्याची नोकरी सोडली आणि लोणावळें व तळेगांव यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या कांठीं कामशेत येथें ते राहावयास आले. साठ वर्षांचें वय. आतां विश्रांति घ्यावी असें कोणालाही वाटलें असतें. पण या सुमाराचें त्यांचें घर सुखाचें नव्हतें. त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांतील श्यामकांत हा शांतिनिकेतनांत शिकलेला, पुढें जर्मनीस शिक्षणासाठीं गेलेला. तोही तरुणपणींच वारला. त्याचीं पत्रें वडिलांनीं पुढें निवडून छापून काढलीं. ज्या मनुष्याचें सारें आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांचीं पत्रें लावण्यांत गेलें, ज्या पत्रांचा लेखक आणि ज्याला तीं लिहिलीं तो, दोघेही मरून दीडदोनशें वर्षें झालीं होतीं, त्याच्यापुढें आतां आपल्याच मुलाच्या हस्ताक्षरांतील गठ्ठा आला. येथें तारीख शोधावयाची नव्हती, लेखक कोण याचा वाद नव्हता. पुढचें काय तें मात्र येथेंही फक्त वाचणाऱ्यालाच ठाऊक होतें.

अशा स्थितींत त्यांच्या हातीं आयुष्यांतील सर्वांत मोठें काम आलें. पेशव्यांचें दप्तर इंग्रजी अमलापासून पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसांत कुलुपांत पडलें होतें. जमिनीच्या व इनामांच्या भानगडी तपासण्यासाठीं सरकारला तें लागे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला आंत पाऊल टाकण्यास मज्जाव होता. राजवाड्यांसारख्यांची हयात त्या दाराबाहेर गेली. अखेर जदुनाथांनीं शब्द टाकला, मुंबई सरकारानें मान्यता दिली, आणि १९३० च्या सुमारास पासष्टीच्या घरांतले सरदेसाई हाताखालीं थोडे कारकून घेऊन त्या इमारतींत जाऊन बसले.

दप्तर म्हणजे काय हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याला या कामाची कल्पना यावयाची नाहीं. कापडांत बांधलेले रुमाल, रुमालांत पुडकीं, पुडक्यांत मोडींत लिहिलेले अरुंद लांबट बंद. आणि असे रुमाल हजारों. त्यांतील बहुतेक सारे वसुलाचे, खर्चाचे, जमाबंदीचे हिशेब. शंभर कागद उलटावे तेव्हां राजकारणाचें एखादें पत्र लागावें. आणि तें लागलें तरी त्यावर साल नसतेंच म्हटलें तरी चालेल. सनदांवर व हुकमांवर सुहूर सन असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अकराशें एकसष्ट, हें एकदां कळलें कीं त्यावरून इसवी सन १७६०-६१ निघतो. पण घाईंत लिहिलेल्या खाजगी पत्राच्या शेवटीं नुसतें ‘छ’ हें अक्षर, चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना. लिहिणाऱ्याला साल लिहिण्याची गरज काय? ज्याला पत्र पोंचावयाचें त्याला कोणतें वर्ष चालू आहे हें ठाऊकच होतें. दोनशें वर्षांनीं तें वाचणारा कोणी निघेल, ही कल्पना दोघांच्याही स्वप्नांत नव्हती. मग विद्यार्थ्यानें काय करावें? पत्रांत वार दिला असेल तर तो त्या चंद्रतारखेशीं कोणत्या वर्षीं जुळतो तें पंचांगांतून काढावें. कोण जिवंत आहे, कोणाची स्वारी कोठें आहे, कोणाच्या लग्नाची गोष्ट निघाली आहे, नदीला पूर आहे कीं उतार, हें सारें पडताळावें. आणि मग भीत भीत एक साल कंसांत लिहावें. हा कंस फार अर्थपूर्ण आहे. त्याचा अर्थ असा कीं, हें साल कागदाचें नव्हे, वाचणाऱ्याचें आहे.

तीन-चार वर्षांत या दप्तरांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले. त्यांवर टीकाही भरपूर झाली. निवड करणाऱ्यानें घेतलें काय यापेक्षां टाकलें काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा; राजकारणाचीं पत्रें वेंचतांना बाजारभाव, शेतकरी, कारागीर, कज्जेखटले यांचे कागद बहुतांशीं मागेंच राहिले; कालनिर्णय घाईनें झाले. ही टीका पोकळ नव्हती. कंसांतील कांहीं सालें पुढच्या अभ्यासकांनीं बदललीं. आर्थिक आणि सामाजिक इतिहासाचे जे विद्यार्थी नंतर आले त्यांना सरदेसायांनीं बाजूस सारलेल्या त्याच जमाखर्चांत आपलें धन सांपडलें. तथापि दार एकदां उघडलें, तें या पंचेचाळीस भागांमुळेंच. आणि बाहेर उभ्या असलेल्या ज्यांनीं सरदेसायांवर राग धरला, त्यांच्याच शिष्यांना आंत जावयास मिळालें.

इतकें झाल्यावर तरी त्यांनीं थांबावें. पण थांबले नाहींत. ऐंशी वर्षें उलटल्यावर १९४६ ते १९४८ या काळांत त्यांनीं मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजींत तीन भागांत लिहून प्रसिद्ध केला. नवा, कारण जुन्या रियासतीनंतर जें हातीं आलें होतें तें घेऊन सारी कथा पुन्हां सांगणें त्यांना भाग वाटलें. पन्नास वर्षांपूर्वीं राजपुत्रांसाठीं काढलेल्या टिपणांपासून जी कथा सुरू झाली, तीच ही. मधल्या काळांत तिचीं कितीएक पानें त्यांनीं आपल्याच हातानें रद्द केलीं होतीं. याच दिवसांत त्र्यंबक शंकर शेजवलकरांचें पानिपतावरचें इंग्रजी पुस्तक निघालें, आणि पुन्हां पानिपताचा हिशेब नव्यानें मांडला गेला. म्हाताऱ्या विद्यार्थ्याला तेंही वाचावें लागलें असणार.

२९ नोव्हेंबर १९५९ रोजीं कामशेतला रियासतकार निवर्तले. १९८८ नंतर स. मा. गर्गे यांच्या संपादनाखालीं मराठी रियासत पुन्हां आठ खंडांत छापली गेली आणि नव्या कपाटांत जाऊन बसली.

दप्तराची ती दगडी इमारत पुण्यांत आजही आहे; तेथें आतां सरकारी पुराभिलेखागार आहे, आणि योग्य तो अर्ज केला असतां अभ्यासकाला कागद पाहावयास मिळतात. मोडी लिपि शाळांतून केव्हांच गेली. म्हणून तिचे थोड्या दिवसांचे वर्ग चालतात. त्या वर्गांतून नुकताच बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी लांब टेबलाशीं बसून रुमाल सोडते, एक एक अक्षर लावीत पत्राच्या शेवटाशीं येते. तेथें ‘छ’ असतें, चंद्राची तारीख असते, महिना असतो, आणि साल नसतें. मग ती पंचांगाची जंत्री मागवून घेते आणि पत्रांत कोठें वार लिहिला आहे का, तें पुन्हां पहिल्या ओळीपासून पाहूं लागते.